खिडकीवरचा कर आणि खिडकीची सवलत

राजघाट म्हटले की आपल्या मनासमोर दिल्लीचे यमुनाकाठचे स्मारक उभे राहते. परंतु तापीच्या काठी, बऱ्हाणपूर शहरातही एक राजघाट आहे. खानदेशातील रावेर मागे टाकले की थोड्याच वेळात मध्य प्रदेशाची हद्द लागते आणि हे जुने शहर समोर येते. राज्य बदलते, कचेऱ्यांतील भाषा बदलते. पण अनेक घरांतून ऐकू येणारी मराठी काही बदलत नाही. घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहिले की शाही किल्ल्याच्या भिंती दिसतात आणि खाली संथ वाहणारी तापी. पुराणकथा सांगते की तापी ही सूर्याची कन्या. आपल्याच तेजाचा दाह निवावा म्हणून सूर्याने तिला निर्माण केले. वैशाखातल्या दुपारी या पायऱ्या अनवाणी उतरणाऱ्याला त्या कथेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ज्यांनी हे शहर वसविले आणि वाढविले, त्यांनीही तो ओळखला होता. इ. स. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून आणि ठिकठिकाणच्या कुंड्यांतून शहरात आणले गेले. ना पंप, ना इंधन. केवळ जमिनीच्या उताराचा उपयोग. कुंडी भंडारा या नावाने ओळखली जाणारी ही योजना २०२४ साली युनेस्कोच्या वारसास्थळांच्या संभाव्य यादीत दाखल झाली. जे निसर्ग फुकट करतो त्यासाठी माणसाने श्रम आणि पैसा खर्चू नये, हे त्या योजनेमागचे शहाणपण. तेच शहाणपण त्या काळच्या घरबांधणीतही होते. जाड भिंती, खोल सज्जे, दगडी जाळ्या, उन्हाच्या बाजूला लहान आणि सावलीच्या बाजूला मोठी उघडी जागा, दुपारी दारावर सोडलेले वाळ्याचे ओले पडदे, या साऱ्यांचा हेतू एकच होता: ऊन बाहेर अडवावे आणि वारा आत घ्यावा.

आज त्याच प्रदेशात आणि आपल्या किनाऱ्यावरही घरांचे रूप बदलले आहे. भिंती पातळ झाल्या, छपरे सपाट झाली, सज्जे आखूड झाले आणि खिडक्यांना मोठमोठी काचेची तावदाने आली. ऐपत असलेल्या घरी ती तावदाने बंद करून वातानुकूलन यंत्र चालू होते. ऐपत नसलेल्या घरी पत्र्याखाली पंखा गरम वारा फिरवीत राहतो. या दोन्ही घरांचा प्रश्न एकाच जागी येऊन मिळतो, आणि ती जागा म्हणजे खिडकी. घर थंड राहावे आणि वीज वाचावी म्हणून घरमालकाने खिडकी बदलली, तर शासनाने त्याला करात सवलत द्यावी काय? प्रश्न किरकोळ वाटेल. पण त्याचे उत्तर लाखो घरांच्या विजेच्या बिलाशी आणि उन्हाळ्यात त्या घरांत झोपणाऱ्या मुलांच्या व वृद्धांच्या प्रकृतीशी निगडित आहे.

खिडकी आणि कर यांचे नाते फार जुने आहे, आणि ते आरंभी अगदी उलटे होते. इंग्लंडात १६९६ साली तिसऱ्या विल्यमच्या कारकिर्दीत खिडक्यांवर कर बसला. घरात जितक्या खिडक्या अधिक, तितका कर अधिक. मोजायला सोपा म्हणून राज्यकर्त्यांना तो आवडला. चुकवायलाही सोपा म्हणून लोकांनी खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. त्या बुजविलेल्या खिडक्या आजही तिकडच्या जुन्या घरांवर दिसतात. चाळींसारख्या दाट वस्त्यांत उजेड आणि हवा बंद झाली, रोगराई वाढते असा डॉक्टरांनी आक्रोश केला, आणि दीडशेहून अधिक वर्षांनी, १८५१ साली, तो कर रद्द झाला. ज्या देशाने मिठावरील कराविरुद्ध १९३० साली मूठ आवळली, त्या देशाला हे वेगळे सांगावयास नको की जीवनावश्यक वस्तूवरचा कर हा तिजोरीत भर घालतो आणि घराघरातून काही तरी हिरावून घेतो. उजेड आणि वारा या तशाच वस्तू आहेत.

विसाव्या शतकात चक्र फिरले. १९७० च्या दशकातील तेलटंचाईने अमेरिका हादरली, आणि १९७८ च्या ऊर्जा कर कायद्याने तेथील घरमालकांना घरात उष्णतारोधक थर बसविणे, खिडक्यांना दुहेरी तावदाने लावणे यांसारख्या कामांवर पहिल्या २,००० डॉलर खर्चाच्या १५ टक्के, म्हणजे अधिकात अधिक ३०० डॉलर, आयकरातून वजा करण्याची मुभा दिली. १९८५ च्या अखेरीस ती संपली. पुढे २००५ च्या कायद्याने ती नव्या रूपात परतली. तेव्हा खिडक्यांसाठीची मर्यादा अवघी २०० डॉलर होती. २०२२ च्या कायद्याने तिचे आकारमान वाढविले: २०२३ पासून खर्चाच्या ३० टक्के, खिडक्यांसाठी वर्षाला ६०० डॉलरपर्यंत. न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात स्वतःची घरे घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही ही सवलत खुली होती. परंतु जुलै २०२५ मध्ये झालेल्या नव्या कायद्याने तिची मुदत आखडली, आणि ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसविलेल्या खिडक्यांना ती मिळत नाही.

या इतिहासातून आपण तीन गोष्टी शिकावयास हव्यात. पहिली अशी की, येणारी-जाणारी सवलत ही अर्धी सवलत. आज आहे, उद्या नाही, परवा पुन्हा आहे, अशा धोरणावर ना सुतार आपला धंदा उभारू शकतो, ना काचेचा कारखानदार भांडवल गुंतवू शकतो, ना घरमालक निश्चिंतपणे खर्चाचा बेत करू शकतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आयकरातून वजावट म्हटली की ती आयकर भरणाऱ्यालाच मिळणार. सेव्हरिन बोरेनस्टीन आणि लुकास डेव्हिस या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी अशा स्वच्छ ऊर्जेच्या करसवलतींचा हिशेब मांडला, तेव्हा दिसून आले की सुमारे ६० टक्के लाभ उत्पन्नाच्या वरच्या पंचमांशातील लोकांना मिळाला, आणि खालच्या तीन पंचमांशांच्या वाट्याला मिळून जेमतेम १० टक्के आला. जेथे बहुसंख्य लोक विवरणपत्र भरतात तेथे ही स्थिती. मग जेथे आयकर प्रत्यक्ष भरणारे लोकसंख्येच्या मानाने मूठभर, त्या आपल्या देशात काय होईल? बऱ्हाणपूरच्या गल्लीत पत्र्याखाली यंत्रमाग चालविणारा कारागीर किंवा आपल्या किनाऱ्यावरचा रापणकार हा आयकराच्या सवलतीचा धनी होणे नाही.

तिसरा धडा इटलीचा. २०२० साली तेथील शासनाने घरांच्या ऊर्जासुधारणेवर खर्चाच्या ११० टक्के परतावा देऊ केला. म्हणजे खर्चाहून अधिक. जेव्हा आपल्या खिशातून एक पैसाही जावयाचा नसतो, तेव्हा दर खरा की खोटा हे कोण विचारणार? ठेकेदारांनी आकडे फुगविले, फसवणुकीची प्रकरणे उघडकीस आली आणि राज्याच्या तिजोरीवर १०० अब्ज युरोंहून अधिक बोजा पडला. अखेर योजना आवरती घ्यावी लागली. सवलत घेणाऱ्याचाही काही हिस्सा खर्चात असलाच पाहिजे, हा त्यातला बोध.

आता आपल्याकडे पाहू. घरावर सौर पट्टे बसविणाऱ्याला शासन उदार हाताने मदत करते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचे लक्ष्य ठेवून ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद झाली, आणि तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हा सौर साहित्यावरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि वातानुकूलन यंत्रावरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर. पहिल्या निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो. दुसऱ्यानेही मध्यमवर्गाला दिलासा दिला असेल. पण या दोहोंची बेरीज काय झाली हे ध्यानात घ्यावयास हवे. वीज निर्माण करणाऱ्याला उत्तेजन मिळाले, वीज खाणारे यंत्र स्वस्त झाले. मात्र ज्या उपायाने विजेची गरजच कमी होते, त्या छायादार, वारा खेळविणाऱ्या खिडकीसाठी देशव्यापी अशी कोणतीही सवलत नाही. भोक पडलेल्या घागरीत अधिक पाणी ओतण्यास अनुदान, आणि भोक बुजविण्यास मात्र काही नाही, असा हा प्रकार आहे.

हे भोक केवढे आहे, याचा अगदी साधा हिशेब करता येतो. पश्चिमेकडे तोंड असलेली चार फूट रुंद, चार फूट उंच अशी साध्या काचेची खिडकी घ्या. उन्हाळ्यात तिसऱ्या प्रहरी उभ्या पश्चिम भिंतीवर दर चौरस मीटरला पाचशे-सहाशे वॅट ऊन पडते, आणि साधी काच त्यातील सुमारे ८० टक्के आत सोडते. म्हणजे त्या एका खिडकीतून सहाशे-सातशे वॅट उष्णता खोलीत येते. जणू कोपऱ्यात विजेची इस्त्री तापत ठेवली आहे. अशा दोन खिडक्या असल्या, तर एक टनी वातानुकूलन यंत्राच्या साडेतीन किलोवॅट शक्तीपैकी एक तृतीयांशाहून अधिक शक्ती केवळ हे ऊन उपसण्यात खर्ची पडते. आतून पडदा ओढल्याने फारसे साधत नाही, कारण ऊन काचेतून आत आलेले असते आणि तापलेला पडदा ती उष्णता खोलीतच सोडतो. तेच ऊन बाहेरून झडपेने, चिकाने वा खोल सज्जाने अडविले, तर त्याचा बराच मोठा भाग बाहेरच राहतो.

येथेच आंधळ्या अनुकरणाचा धोका आहे. थंड देशात खिडकीने घरातली ऊब बाहेर जाऊ द्यावयाची नसते, म्हणून तेथे दोन-तीन काचांमध्ये हवा कोंडलेल्या घट्ट बंद खिडक्यांचे महत्त्व. आपल्याला बहुतेक ठिकाणी मुळात ऊन आत येऊ द्यावयाचे नाही, आणि वारा मात्र येऊ द्यावयाचा आहे. शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाने २०१८ साली घरांसाठी केलेल्या ‘इको-निवास संहिते’तही हा भेद मानला आहे. खिडक्यांचा उघडता येणारा भाग जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किती असावा, याचे प्रमाण तिने हवामानाप्रमाणे ठरविले: उष्ण-कोरड्या प्रदेशात १० टक्के, तर आपल्यासारख्या उष्ण-दमट किनाऱ्यावर १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश. पंचवीस चौरस मीटरच्या लहान घराला कोरड्या प्रदेशात अडीच चौरस मीटर उघडी खिडकी पुरेल; किनाऱ्यावर मात्र चार चौरस मीटरहून अधिक हवी, कारण येथे घाम वाऱ्यावाचून सुकत नाही. आणि आपल्या नव्या सदनिकांतून सर्रास दिसते काय? सरकत्या तावदानांची खिडकी, जी कितीही मोठी असली तरी एका वेळी निम्मीच उघडते. तिच्यावर पुरेसा सज्जा नाही. वर ‘समुद्रदर्शन’ म्हणून ती थेट पश्चिमेला, मावळतीच्या उन्हासमोर. समुद्राचे ते दर्शन रोज दुपारी किती युनिट विजेला पडते, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारीत नाही.

आपल्या पूर्वजांना हे कोडे सुटले होते. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत लाकडी चौकटीत पातळ शिंपल्यांची तावदाने बसविलेली असत. त्यांतून उजेड झिरपे, पण डोळ्यांना झोंबणारे ऊन येत नसे. कोकणातील घरांची पडवी आणि ओटी, कौलांच्या उतरत्या पाख्या, गजांच्या खिडक्या, आडव्या फळ्यांच्या झडपा, ही सारी पाऊस चालू असतानाही हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था होती. आम्ही काही सर्वांनी पुन्हा शिंपल्यांची तावदाने बसवावीत असे म्हणत नाही. काळ मागे फिरत नसतो आणि तो फिरवूही नये. परंतु त्या बांधणीमागचा विचार नव्या साहित्यात उतरविणे शक्य आहे, आणि त्यासाठी शासनाने उत्तेजन देणे योग्य आहे.

ते कसे द्यावे? आमच्या मते त्याचा मार्ग आयकराच्या कचेरीतून नव्हे, तर नगरपालिकेतून व ग्रामपंचायतीतून जातो. घरपट्टी ही घरावर बसते, म्हणून सवलतही घरपट्टीतच असावी. हा प्रयोग मराठी मुलुखाला नवा नाही. पुणे महानगरपालिका सौर बंबाचा वापर, पर्जन्यजलसंधारण आणि गांडूळखत यांपैकी एक योजना राबविणाऱ्या मिळकतींना सर्वसाधारण करात ५ टक्के, आणि दोन वा अधिक राबविणाऱ्यांना १० टक्के सूट देत आली आहे. त्या यादीत आणखी एका ओळीची भर घालावी: ‘पश्चिमेच्या व पूर्वेच्या खिडक्यांना बाहेरून सावली आणि हवामानास अनुरूप उघडता येणारा भाग’. ही गोष्ट फूटपट्टीने मोजता येते. तिला महागड्या सल्लागाराची गरज नाही. काच दुहेरी आहे की विलायती आहे, यावर सवलत ठरवू नये. ऊन अडते काय आणि वारा येतो काय, यावर ठरवावी. मग चांगली काच, लाकडी झडप, बांबूचा चीक, ज्याला जे परवडेल त्याने ते करावे.

जे घरपट्टी नाममात्र भरतात त्यांना अशा सुटीचा उपयोग नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेतील घरे शासनाच्याच पैशाने उभी राहतात. त्या घरांच्या खिडक्या हवामानाला धरून असाव्यात अशी अट आणि तेवढी वाढीव रक्कम, ही पहिली. आज इको-निवास संहिता पाचशे चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींचाच विचार करते. म्हणजे ज्याला नियमाच्या आधाराची सर्वांत अधिक गरज, तोच तिच्या कक्षेबाहेर राहतो. दुसरी वाट उजाला योजनेने दाखविली आहे. २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या त्या योजनेत शासकीय कंपनीने एलईडी दिव्यांची एकगठ्ठा खरेदी केली, आणि जो दिवा २०१४ साली तिला ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ साली ३८ रुपयांवर आला. अनेक ठिकाणी ग्राहकाने त्याची किंमत विजेच्या बिलातून हप्त्याने फेडली. खिडकीच्या झडपा, बाहेरचे चीक आणि छपराचा पांढरा थर यांच्यासाठी तीच पद्धत का वापरू नये?

कोणी म्हणेल, तिजोरीवर आधीच इतके बोजे असताना हा नवा कशासाठी? उत्तर असे की, हा बोजा आपण आजही वाहतोच आहोत, फक्त दुसऱ्या नावाने. वैशाखातील विजेची कमाल मागणी भागविण्यासाठी नवी वीजकेंद्रे, नव्या वाहिन्या, नवी रोहित्रे उभारावी लागतात; त्यांचा भार ज्याच्या घरी वातानुकूलन यंत्र नाही त्याच्याही दरात वाटला जातो. २०१९ साली केंद्र शासनाने शीतन कृती आराखडा जाहीर केला. २०३७-३८ पर्यंत थंडाव्यासाठी लागणारी गरज २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचे ध्येय त्यात मांडले आहे. ध्येय स्तुत्य आहे. पण आराखड्यातील ध्येय घराच्या भिंतीपर्यंत पोहोचावयाचे असेल, तर त्याला कोणत्या तरी खिडकीतूनच आत शिरावे लागेल. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरण आखून छपरापुरता आरंभ केलाच आहे.

आता पुन्हा राजघाटाकडे वळू. जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा नळाचे पाणी घरोघर पोहोचल्याचे प्रमाणपत्र मिळविणारा देशातील पहिला जिल्हा ठरला. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२२ मध्ये, तसे प्रमाणपत्र मिळविणारे पहिले राज्य ठरले ते आपले गोवा. सातपुड्याच्या कुशीतील एक लहानसा जिल्हा आणि सह्याद्रीच्या कुशीतील एक लहानसे राज्य, या दोघांनी मोठमोठ्या प्रांतांना जमले नाही ते करून दाखविले. लहान असणे हे अशा कामी वैगुण्य नसून सामर्थ्य आहे. घरे मोजता येतात, माणसे ओळखीची असतात, आणि काम झाले की नाही हे डोळ्यांनी पाहता येते. घरोघरी पाणी पोहोचविता आले, तर घरोघरी वारा पोहोचविणे अशक्य का असावे?

खिडक्यांवर कर बसविणारे राज्यकर्ते इतिहासजमा झाले, हे बरेच झाले. परंतु कर न घेणे एवढ्यानेच राज्याचे कर्तव्य संपत नाही. ज्या घरात उन्हाळ्याच्या रात्री मूल तापलेल्या भिंतीला पाठ लावून तळमळते, त्या घरातही शासनाचा काही अंश पोहोचला पाहिजे. येत्या अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्या नगरपालिकांनी आणि पंचायतींनी घरपट्टीच्या सवलतींत खिडकीची ही एक ओळ घालावी, आणि राज्य शासनाने तिची भरपाई करावी, एवढीच आमची मागणी आहे. वाचकांनीही तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आज दुपारी आपल्या घराच्या पश्चिमेच्या खिडकीपाशी पाच मिनिटे उभे राहावे आणि काचेला हात लावून पाहावा. या लेखाने जे सांगितले त्याची सत्यता त्या तळहातालाच पटेल.